देवीला आम्ही काय विचारलं होतं

तुमची श्रद्धा फार मोठी, असं आजही कुणी म्हणालं की मी आतून ओशाळते. श्रद्धेची खरी गरज होती त्या दिवसांत माझ्याजवळ भीतीशिवाय काहीच नव्हतं. दुष्काळाचं साल होतं. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरींचे तळ दिसायला लागले होते, आणि मला आठवा महिना सरत आला होता. पहिलीच खेप आणि पोटात जुळं. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हातानं तपासलं, फोटो काढला आणि मला समोर बसवून सांगितलं, "पहिल्या बाळाचे पाय खाली आहेत, दुसऱ्याचं डोकं. पहिलं अर्धं बाहेर आल्यावर दोघांच्या हनुवट्या एकमेकींत अडकू शकतात. नेहमी असं होत नाही. पण झालं तर हातात वेळ राहत नाही. कळा सुरू व्हायच्या आधीच ऑपरेशन केलेलं बरं. निर्णय मात्र तुमचा." त्यांनी पुढच्या आठवड्यातला दिवसही दिला.

निर्णय तुमचा! लुगड्याचा रंगसुद्धा जिनं कधी स्वतः ठरवला नव्हता, तिला हे सांगणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला विहिरीत ढकलणंच. शेजारच्या गावची एक बाई पोट फाडायला म्हणून गेली होती ती घरी आलीच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि बाळंतपणात घरीच गेलेल्या बायका तर माझ्या माहेरी दोन झाल्या होत्या. इकडे आड तिकडे विहीर. आमचे मालक नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यात कामाला होते, रविवारी घरी यायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर म्हणतात ते बरोबरच असणार. पण आईलाही विचार." दोन्ही डगरींवर हात ठेवून सोमवारी पहाटे ते कामावर गेले.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या वाईट नव्हत्या, उलट माझ्यावर त्यांचा जीव होता. पण पहिल्याचे पाय खाली आहेत हे ऐकल्यापासून त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. पायांकडून जन्मलेलं माणूस ते पायाळू, आणि पायाळूला जमिनीच्या पोटातलं पाणी दिसतं, असं आमच्याकडे मानतात. विहिरी आटलेल्या गावात ही बातमी लपून राहते थोडीच? पाण्याच्या रांगेत बाया मला पुढं जाऊ द्यायला लागल्या. "हिच्या पोटात पायाळू हाय," म्हणायच्या. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. आत्याबाईंची अडचण वेगळीच होती. "पोट फाडून काढल्यालं पोर पायाळू कसं म्हनायचं?" त्या पुन्हापुन्हा विचारायच्या, आणि याचं उत्तर गावात कुणाजवळच नव्हतं.

शेवटी त्यांनी गावच्या लक्ष्मीआईला कौल लावला. देवीच्या ओल्या अंगावर दोन बाजूंना दोन फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं की होकार, डावं पडलं की नकार. मी हात जोडून उभी होते. प्रार्थना वगैरे काही नाही, नुसती फुलांकडे बघत होते. आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आई, माज्या सुनंची सुटका सुखरूप हुईल का?" बराच वेळ काही हललं नाही. मग उजवं फूल टपकन खाली आलं. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "झालं! देवीनं सांगितलं. आता घरीच," म्हणून त्यांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला. मला हायसं वाटलं. आता जे होईल ते देवीचं, आपल्या डोक्याला ताप नाही.

डॉक्टरीणबाईंनी दिलेला दिवस जवळ आला तेव्हा आत्याबाईंनाच चैन पडेना. "ती बाई बिचारी वाट बगत बसंल. जाऊन सांगून येऊ, आमी येत न्हाई म्हनून." नकार द्यायला सुद्धा माणसानं समक्ष जावं, ही त्यांची रीत. म्हणून त्या दिवशी आम्ही दोघी एस्टीनं निघालो. न येण्याचं सांगायला इतक्या लांब जाणाऱ्या आम्हीच असू.

वाटेत घोडेगावला गाडीचं चाक पंक्चर होऊन बसलं. बाजाराचा दिवस होता. वैरण नाही म्हणून लोकांनी जनावरं विकायला आणली होती, बरगड्या निघालेल्या बैलांची नुसती दाटी. आम्ही एका लिंबाखाली टेकलो. तिथंच एक म्हातारी तीन शेरडांची दावी हातात धरून बसली होती. माझ्या पोटाकडे तिनं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि दावी गुडघ्याखाली दाबून म्हणाली, "जुळं हाय न्हवं? सुईन हाय मी. हात लावू का?" आत्याबाईंनी मान डोलावली. पदर आडवा धरून त्या उभ्या राहिल्या आणि म्हातारीनं पोटावर हात फिरवला. खरबरीत, पण गरम हात होता तो. फिरता फिरता एका जागी थांबला.

"कुठं निगाला?"

"नगरला," आत्याबाई म्हणाल्या. "डॉक्टरीनबाई कापाय सांगती. आमी न्हाई म्हनाय चाललोय."

"व्हय म्हना," म्हातारी म्हणाली. "पयलं पायाळू, दुसरं सरळ. असली दोन जुळी आली माज्या हाती. एक सुटलं. दुसऱ्या येळंला हनुवटीत हनुवटी अडकली. तिगंबी गेली, आई आन दोन लेकरं. माज्या हातात काय बी नव्हतं."

आत्याबाई चाचरल्या. "पर देवीनं उजवं दिलंय. कौल लावल्ता आमी."

"काय इचारल्तं?"

"सुटका सुखरूप हुईल का म्हनून."

"मग हुईल की!" म्हातारी हसली. "कुठं हुईल त्ये इचारल्तं का?"

घर हा शब्द देवीला विचारताना कुणी उच्चारलाच नव्हता, तो आम्ही परस्पर जोडला होता. देवीला विचारलं एक आणि ऐकलं आपल्याला हवं ते. तिच्यावर भार टाकला म्हणून मी निवांत झाले होते, पण तो भार टाकणं नव्हतं, आपल्याच मर्जीवर तिचा अंगठा घेणं होतं. एवढ्यात गाडी निघाल्याची हाक आली. म्हातारी पुन्हा शेरडांच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिचं गाव विचारायचंही राहून गेलं.

नगरला डॉक्टरीणबाईंपुढं उभ्या राहिल्यावर आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "आलो बगा." कारखान्यात निरोप गेला, मालक सायकल मारीत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत नेलं. मला वाटलं होतं, अशा वेळी तोंडात देवाचं नाव येतं. एकही आलं नाही. दिव्याकडे बघत मी फक्त मनात म्हटलं, आता तू बघ, काय ते तूच ठरव. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही न मागता कुणाच्या तरी हाती स्वतःला दिलं होतं. जागी झाले तेव्हा दोन रडणी ऐकू येत होती, एक बारीक आणि एक भसाडं. आधी मुलगी, मग मुलगा. भुलीतून पुरती बाहेर आलेही नव्हते तोच आत्याबाईंचा आवाज आला, "बाई, पोरीचं आदी पाय काडलं का डोस्कं?" डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. "पाय, आजी." आत्याबाईंना स्वर्ग दोन बोटं उरला. पुढं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, घरी राहिले असते तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित काहीच झालं नसतं." त्यांच्या या खरेपणाबद्दल मला अजून आदर वाटतो.

गावात आत्याबाईंनी सांगून टाकलं की घोडेगावच्या बाजारात लक्ष्मीआई स्वतः म्हातारीचं रूप घेऊन बसली होती. मीही तसंच मानत होते. पाऊसपाणी झाल्यावर, लेकरं सहा-सात महिन्यांची असताना, आम्ही पुन्हा घोडेगावच्या बाजारात उतरलो आणि समोर तीच! एका शेरडाच्या दातांवरून गिऱ्हाइकाशी तावातावानं भांडत होती. आम्ही लेकरं तिच्यापुढं धरली. तिनं डोळे बारीक केले. "कोन गं तुमी?" सगळी हकीकत सांगितली तरी तिला काही केल्या आठवेना. "असंल बाई. दिसली पोटुशी की हात लावतीच मी," म्हणाली. आत्याबाई तिच्या पाया पडल्या तशी ती दचकून मागं सरली.

परतीच्या गाडीत आत्याबाई पुन्हापुन्हा मागं वळून बाजाराकडे बघत होत्या. मला वाटलं, मनातली देवी गेली म्हणून त्यांना वाईट वाटतंय. मी समजूत घालायला लागले, तर मांडीवरच्या नातवाला थोपटत त्या म्हणाल्या, "अगं, देवी असती तर तिचं कामच हाय त्ये. ही तर मानूस हुती."