टाकांशेजारची ग्रीक देवी

धाकटा भाऊ परदेशातून पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्याने आईसाठी सोन्याचं नाणं आणलं. तिकडच्या सरकारने कसल्याशा स्मरणार्थ काढलेलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली प्राचीन ग्रीक देवी, दुसऱ्या बाजूला घुबड. प्लास्टिकच्या बंद डबीत ते लखलखत होतं. बोटसुद्धा लावायचं नाही, असं त्याने आम्हाला पुन्हा पुन्हा बजावलं. जळगावच्या घरात सोनं आणायचं आणि हात लावू नका म्हणायचं, याला काय म्हणावं!

दसऱ्याआधी आईने देव्हाऱ्यातले टाक घासायला काढले. कुलदेवतांचे ते चांदीचे छोटे पत्रे ती रांगोळीने खसाखसा घासायची. त्यांच्यासोबत तिने डबी फोडून नाणंही घासलं, हळदीकुंकू लावलं आणि टाकांशेजारी बसवलं. घुबड खाली, देवी वर.

भाऊ भडकलाच. "अगं, ओरखडे पडले! आता नाणी जमवणारे याच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत."

"हाई देवी शे, भाऊ," आई शांतपणे म्हणाली. "देवले डबीमा कोंडतस का?"

तो तणतणत परत गेला. पुढे फोनवरही तो विषय निघाला की त्याचा आवाज चढायचा. मला मात्र आईचंच पटलं होतं.

यंदा आईने अंथरूण धरलं. मी धुळ्याहून आले, तोही आला. आमच्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात गंगाजळ, तुळशीपान आणि सोन्याचा कण ठेवतात. आईने त्याचा हात धरून सांगितलं, "मना तोंडमा तुनं सोनं टाकजो." पुढे तिचा श्वास जड झाला. मी म्हटलं, माझ्या पोतीतला मणी काढते. त्याने नकारार्थी मान हलवली, नाणं रुमालात बांधलं आणि सराफ बाजाराकडे धावला. तो वेळेत परततो की नाही, या धास्तीने मी दाराकडे बघत बसले.

तो आला, तेव्हा देवीच्या मानेजवळची कड कापलेली होती. आईने डोळे उघडले. कण त्याने स्वतः तिच्या जिभेवर ठेवला आणि तिने तोंड मिटलं. मला रडू आवरेना.

तेराव्यानंतर मी देव घासायला बसले, तर त्याने ताट ओढून घेतलं. टाक झाले. मग चिमूटभर रांगोळी घेऊन तो नाणं घासू लागला, इतक्या जोरात की देवीचं नाक झिजेल असं वाटलं.

"अरे, हळू," मी म्हटलं.

"माय असंच घसे ना, अक्का," तो म्हणाला आणि घासतच राहिला.