पारव्यासाठी मातीच्या गोळ्या

आषाढात माझ्या सासऱ्यांना लकवा मारून गेला. पाय काठीच्या आधारानं चालायला लागला, बोलणंही सुधारलं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा. गरम चहा सांडला तरी त्या हाताला पत्ता नसायचा. दवाखान्यातून घरी आल्या दिवसापासून ते भिंतीकडं तोंड करून जेवायला बसू लागले. मी भाकरी दुधात कुस्करून द्यायची, सासूबाई भरवायच्या. पंगतीत सगळ्यांना आग्रह करकरून वाढणारा हा माणूस असा पाठमोरा जेवताना मला बघवायचा नाही. आणि खरं सांगते, त्यांचा रागही यायचा.

रागाला कारण होतं. कळंबच्या डॉक्टरांनी दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तो एकदा उलटसुलट बघितला, "म्या काय रांगतं पोर हाय व्हय?" म्हणाले आणि पुन्हा शिवले नाहीत. दोन दिवसांनी तो गोठ्यात कालवडीच्या पायाखाली सापडला. मी शाळेत शिकवते. वर्गातली सगळी पोरं माझं ऐकतात, घरातला हा एक विद्यार्थी तेवढा ऐकत नव्हता.

त्यात परंड्याहून चुलत सासऱ्यांचा फोन आला. लकव्यावर पारव्याचा रस्सा, चाळीस दिवस, हात पहिल्यासारखा होतो म्हणे. आमच्याकडं ही समजूत घरोघरी आहे. मामांनी ती मनावर घेतली आणि उठता-बसता रस्सा मागायला लागले. आमचं घर शेतातच, आणि विहिरीच्या कपारीत पारव्यांची वस्ती. सोयाबीन निघून हरभरा पेरला होता. दिवस वर आला की पारवे फडफडत विहिरीबाहेर यायचे आणि तासातले, पेरलेल्या ओळींतले, दाणे उकरून टिपत बसायचे.

"औषध दारात चरतंय," मामा म्हणायचे, "आन् घरात एकाला मारता येईना."

हा टोला माझ्या नवऱ्याला होता. त्याला कोंबडीसुद्धा कापवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी मी भांडी घासत असताना पुन्हा रश्श्याचा विषय निघाला आणि माझा तोल सुटला. खुंटीवर मामांची जुनी गलोल टांगलेली होती. एके काळी ते त्या गलोलीनं सांगू ती चिंच पाडायचे. ती काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मामा, पारवा पायजे ना? मग तुमीच मारा. तुमी मारलेला मी शिजवीन. दुसऱ्यानं मारलेला चुलीवर चढणार न्हाय."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी आत गेले आणि रडले. हात गेलेल्या माणसाच्या मांडीवर गलोल ठेवायची, ही कसली मेली थट्टा. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "हिचं रबर सडलंय. दुसरं आण."

नवऱ्यानं पंक्चरच्या दुकानातून सायकलची जुनी ट्यूब आणून पट्ट्या बांधल्या. मी चिकणमाती भिजवून गोळ्या वळल्या आणि उन्हात वाळत घातल्या. मामांनी त्यातली एक डाव्या हातानं उचलून डोळ्यांपुढं धरली.

"ह्या गोळ्या हायेत का लांबुडके शेंगोळे? असल्यानं नेम लागत न्हाय."

"मग तुमीच वळा."

वळायला दोन तळवे लागतात. डाव्या हातावर उजवा ठेवून ते मातीचा गोळा फिरवत बसले. तो दुपारपर्यंत चपटाच राहिला. चेंडूला नको म्हणणारा हात मातीत मात्र रोज घासला जाऊ लागला. आठवड्याभरात गोळ्यांना जरा गोलाई आली. मग त्यांनी डाव्या मुठीत गलोल धरली, उजव्या हाताच्या बोटांत गोळीसकट चामड्याचा तुकडा पकडला आणि ओढला. गोळी त्यांच्याच पायाशी पडली. पारव्यांनी मान वर करायचीही तसदी घेतली नाही. मला हसू फुटलं आणि मी घाबरून तोंड दाबलं, तर मामाच हसायला लागले. आषाढानंतर पहिल्यांदा.

शाळा सुरू झाली. संध्याकाळी घरी आले की मी विचारायची, "मारला का?" कधी वारं होतं, कधी ऊन डोळ्यावर होतं, कधी पारवेच लबाड होते. पण गोळी आता अंगणापलीकडच्या हौदापर्यंत जायची. एक दिवस ते कुरकुरले, "रबर लई ढिलं हाय, ताठ बांधा." मला इतका आनंद झाला की मी लगेच चहा ठेवला.

मग हरभरा हिरवा होऊन वर आला. रानात टिपायला दाणा उरला नाही, आता पारवे दुसरीकडं जाणार. मामांचा हात अर्ध्यातच राहील, ही धास्ती मला झोपू देईना. पण पारवे गेले नाहीत. एका सकाळी मी अंगणात लवकर आले तेव्हा कारण कळलं. विहिरीच्या कडेला सासूबाई ओच्यातली ज्वारी मुठीनं विस्कटत होत्या.

"तुझ्या मामांना सांगू नको," त्या म्हणाल्या.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी गोळी लागली. पंखाला चाटून गेली असावी. पारवा जागेवरच लवंडला, बाकीचे उडाले. मी पळत जाऊन तो उचलला. मामांच्या डाव्या हातात गलोल होती, म्हणून त्यांनी उजवा पुढं केला. मी पारवा त्यात ठेवला. बोटं मिटली. पारवा शुद्धीवर येऊन धडपडायला लागला, पण मुठीतून सुटला नाही.

"धडधडतंय गं," मामा म्हणाले. आणि मग, "गरम लागतंय."

पण दिलेला शब्द होता. "पातेलं ठेवू का?" मी विचारलं.

मामांनी पारव्याकडं बघितलं. "ह्याच्यात कितीसं मटण असणार? मेथी कर." त्यांनी मूठ उघडली. पारवा क्षणभर तळहातावरच बसून राहिला आणि मग उडून विहिरीतल्या कपारीत उतरला.

दुपारी मी ताटं वाढली. मामा भिंतीला पाठ टेकून, आमच्याकडं तोंड करून बसले. मी सवयीनं त्यांची भाकरी कुस्करायला घेतली.

"कुस्करू नको," ते म्हणाले. "आख्खी दे."

मी दिली. उजव्या हातानं त्यांनी तुकडा मोडला. वाकडातिकडा मोडला, मेथीत बुडवताना अर्धा ताटात पडला. भरवायला पुढं आलेला सासूबाईंचा हात तसाच थांबला, आणि मग त्यांनी तो आपल्या ताटाकडं नेला.