कव्हरवरच्या तीन मुली

काल मी शेजारच्या शैलाताईंना जुन्या बाजारात मिळालेली एक कॅसेट ऐकवली. कव्हरवर तीन हसऱ्या मुलींचा फोटो होता. पहिलं कडवं सुरू झालं आणि ताईंच्या हातून निवडायला घेतलेली मेथीची जुडी खाली पडली.

“हा माझा आवाज आहे,” त्या म्हणाल्या. “पण या मुली कोण?”

कॉलेजात असताना त्या आणि त्यांच्या दोन मैत्रिणी एका निर्मात्यासाठी गायल्या होत्या. त्याने प्रत्येकीला एक साडी दिली, कोऱ्या कागदावर सही घेतली आणि महिन्याभराने कळवलं, “तुमचं गाणं जमलं नाही, कॅसेट निघणार नाही.” त्यानंतर तिघींनी गाणंच सोडलं.

मी सुन्न झालो. कुणाचा आवाज चोरायचा, आणि वर तिलाच पटवून द्यायचं की तू बेसूर आहेस? इतकं निर्ढावलेलं मन माणसाला मिळतं तरी कुठून?

ताईंनी त्या दोघींपैकी एका मैत्रिणीला फोन लावला आणि तो टेपपाशी धरला. गाणं संपलं. पलीकडून हळूच आवाज आला, “शैले, म्हणजे आपण वाईट गात नव्हतो गं.”