हवालदारांनी मागितलेला दोष

नववीच्या वर्गावर तास चालू होता. दारात कुणीतरी आलं म्हणून मान वर केली, तर टोपी हातात धरून शिवा उभा. कडेगावाकडून पहिल्या एसटीनं निघून, सांगलीला विश्रामबागेत उतरून, विचारत विचारत थेट माझ्या वर्गापर्यंत आलेला. शिवा म्हणजे हणमंतराव हवालदारांचा धाकटा भाऊ. त्याचा चेहरा पाहिला आणि मी खडू खाली ठेवला. "गुरुजी, अण्णा गेलं," एवढंच म्हणाला. उसाला पाणी लावून हवालदार बांधावर टेकले, ते पुन्हा उठलेच नाहीत. पाणी मात्र सरीतून पुढं जात राहिलं, शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलं, असं शिवा सांगत होता.

त्याला आता पाच आठवडे झाले. सातआठ वर्षांपूर्वी, मोठ्या दुष्काळानंतर, त्यांच्या गावी मी प्राथमिक शिक्षक म्हणून गेलो तेव्हा हवालदार पलटणीतून पेन्शनवर येऊन शेती बघत होते. बर्फात डाव्या पायाची दोन बोटं गेलेली, त्यामुळे चालताना किंचित कलायचे. एरवी उंच, ताठ, मिशीला पीळ. गावात कुणाची बाई अडली की बैलगाडी हवालदारांची, कुणाचं छप्पर उडालं की पहिला वासा हवालदारांच्या खांद्यावर. माझ्या खोलीत अंथरूण नाही हे कळलं त्याच संध्याकाळी ते आपलं मिलिटरीचं कांबळं घेऊन आले आणि 'न्हाई' म्हणायची सोय न ठेवता खाटेवर टाकून निघून गेले. असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा आणि स्वतःला मोठा नाटककार समजणारा. जत्रेसाठी नाटक लिहायला गावानं सांगितलं आणि मी हवालदारांनाच समोर ठेवून 'दादासाहेब' नावाचा थोरला भाऊ लिहिला. हा दादासाहेब तीन अंक नुसता देत सुटतो. जमीन देतो, घर देतो, शेवटी जीव देतो. शब्द तर असे पेरले होते की वाचताना माझेच डोळे भरून यायचे. भूमिका अर्थातच हवालदारांना. आमच्याकडे हौशी नाटकात तशी रीतच आहे, चांगल्या माणसाचं काम गावातल्या चांगल्या माणसानं करायचं, आणि खलनायक व्हायला कुणी तयार नसतं म्हणून तो परगावाहून आणायचा. धाकट्या भावाच्या कामाला शिवा होता. तो उभा राही तिथंच खांब होई, पण आवाज खणखणीत.

शाळेच्या ओसरीवर तालमी सुरू झाल्या आणि गावाचा हा वाघ मेंढरू झाला. वाक्यं पाठ, पण तोंडातून कोरडी पडायची. आठ दिवसांनी त्यांनी मला बाजूला घेतलं. "गुरुजी, ह्यो तुमचा दादासाहेब जेवतोय का?" मी म्हटलं, "म्हणजे?" "त्येला भूक न्हाई, राग न्हाई, कुनाचं वाईट वाटत न्हाई. मी ह्येच्यात शिरू कुटनं? एकादा दोष घाला की त्येला." मला असा संताप आला म्हणून सांगू! ज्यानं आयुष्यात दोन नाटकं धड पाहिली नाहीत तो मला नाटक शिकवणार? "दोष खलनायकाला असतात, हवालदार," मी म्हणालो. ते हसले नाहीत. "मग ह्यो मानूस न्हाई, भितीवरचा फोटू हाय," म्हणाले आणि पुन्हा जागेवर जाऊन माझी वाक्यं म्हणायला लागले.

जत्रेत नाटक झालं. गाव गोळा झालं, सांगलीहून आणलेल्या नटीच्या गाण्याला शिट्ट्या पडल्या, आणि दादासाहेब मरत असताना पुढच्या रांगेतल्या बाया शेंगा सोलत होत्या. हे मी पडद्याआडून डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी खोलीत तोंड लपवून बसलो होतो. दुपारी हवालदार आले, दारातच उकिडवे बसले. मिशीशी चाळा करू लागले. मग जे बोलले ते त्यांनी तोवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

पलटणीतून पहिल्यांदा रजेवर आले तेव्हा गावानं त्यांना वेशीपासून हलगी लावून घरी आणलं होतं. अंगात वर्दी, आई ओवाळतेय, पोरं मागं मागं. त्याच रजेत साताऱ्याला भरती निघाली. शिवा तेव्हा अठरा वर्षांचा, रोज पहाटे माळावर पळायचा. "अण्णा, माजी छाती मोजा," म्हणाला. हवालदारांनी टेप लावली. छाती भरत होती, फुगवून तर वर जात होती. "...आनि मी म्हनलं, शिवा, एक इंच कमी पडतीया रं. आईला सांगितलं, ह्येला ऱ्हाऊ दे घरात, एक ल्योक तरी डोळ्यासमोर आसू दे. समद्यांनी माजं कौतिक केलं, भावाची लय माया म्हनून. माया हुतीच गुरुजी. खरं त्या टायमाला मला येवढंच वाटलं, एका घरात दोन वर्द्या नगत." मग म्हणाले, "येवढं दादासाहेबाला घाला आनि पुन्यांदा नाटक लावा. मग बघा मी कसा उभा ऱ्हातो."

मी विचारलं, "आणि शिवा? धाकट्या भावाचं काम तोच करणार आहे." "म्हनूनच," ते म्हणाले, "मला नुसतं तोंडानं सांगाय जमंना. वीस वरसं जमंना झालंय."

मी तीन दिवसांत नाटक मोडून पुन्हा लिहिलं. दादासाहेब फौजी झाला, भांडकुदळ झाला, मानपानाचा भुकेला झाला, आणि तिसऱ्या अंकात भावासमोर तो इंच कबूल करतो असा प्रवेश आला. सरपंच खवळले. "आपल्या हवालदाराला हेवेखोर दावताय? गावाची शोभा करताय का काय?" असं भर चावडीवर ओरडले. हवालदार शांतपणे म्हणाले, "सरपंच, दोष माजा न्हाई, दादासाहेबाचा हाय." आयुष्यात एवढं सफाईनं खोटं बोलताना मी त्यांना तेवढंच एकदा पाहिलं. शेवटी गावात नको, सांगलीच्या नाट्यस्पर्धेत करा, यावर तडजोड झाली.

आमच्याकडे प्रत्येक नटाला फक्त त्याच्या वाक्यांची नक्कल मिळते, आधीच्या वाक्याचा शेवटचा शब्द तेवढा वर लिहिलेला. त्यामुळे समोरचा नेमकं काय बोलणार हे शिवाला ठाऊक नव्हतं. आणि तालमीत तो प्रवेश आला की हवालदारांच्या पायात हटकून गोळा यायचा. "ह्यो तितंच करू," म्हणायचे. सांगलीला जाईपर्यंत तो प्रवेश एकदाही पुरता झाला नाही. मी प्रॉम्प्टर.

आमची पाळी भर दुपारी तीनची. पत्र्याच्या छपराखाली तापलेलं सभागृह, समोर शहरी प्रेक्षक पुठ्ठ्यानं वारा घेतायत, आणि कडेला गावाहून आलेली पन्नास माणसं, मध्ये सरपंच. पहिल्या अंकातच मला कळलं की आज काही वेगळं घडतंय. हवालदार चिडले, रुसले, पानावर बसून भाकरी मोडत खरोखर जेवले. प्रेक्षक हसले, मग हसता हसता त्यांच्या बाजूनं झाले. आणि तिसरा अंक आला. हवालदार शिवासमोर उभे राहिले. माझी चार पानांची भाषणबाजी होती, ती त्यांनी सगळी टाकली. "तुजी छाती भरत हुती," म्हणाले. "मी खोटं बोललो. मला तुजा हेवा वाटला."

शिवाचं वाक्य होतं, 'दादासाहेब, तुमच्या पायाशीच माझा स्वर्ग आहे.' शिवा गप्प. मी विंगेतून कुजबुजलो. गप्प. मी जरा मोठ्यानं म्हणालो, पहिल्या रांगेला ऐकू गेलं असेल, तरी गप्प. सभागृहातले पुठ्ठे थांबले. मग तो खांबासारखा उभा राहणारा माणूस दोन पावलं पुढं आला आणि म्हणाला, "मला ठावं हुतं."

हवालदारांच्या तोंडचं पाणी पळालं. "कवापासनं?"

"त्याच दिशी. मी शिंप्याकडनं मोजून घेतली हुती."

"मग गेला का न्हाईस रं?" हे विचारताना ते दादासाहेब उरलेच नव्हते.

"दोघंबी वर्दीत आसतो, तर आईला बघाय घरात कोन हुतं, अण्णा?"

अण्णा! नाटकात अण्णा नावाचं कुणीच नव्हतं. पण तोवर सभागृह उठलं होतं. शहरी उठले, गावचे उठले, आणि सरपंच खुर्चीवर चढून टोपी उडवत होते. हवालदारांनी भावाला मिठी मारली, ती पडदा पाडला तरी सुटेना. पडदा पुन्हा वर घ्यावा लागला, तरीही ते दोघं तसेच. अभिनयाचं पहिलं बक्षीस हवालदारांना, दुसरं शिवाला. परीक्षकांपैकी एकजण माझ्याजवळ आले आणि शेवटचे संवाद फार उंचीचे लिहिलेत म्हणाले. मी मान झुकवून 'आभारी आहे' म्हणालो. आज पहिल्यांदाच कबूल करतो, ते संवाद माझे नव्हते. गावात परतल्यावर दोघा भावांना एकाच गाडीवर बसवून, वेशीपासून हलगी लावून घरी नेलं. सरपंचांनी जागोजागी सांगितलं, दोष घालायची आयडिया त्यांचीच.

गेल्या महिन्यात तेराव्याला मी गावी गेलो. सोप्यात माणसं बसली होती आणि जो येईल तो 'देवमाणूस गेला' म्हणत होता. हवालदारांची बायको, आमची वहिनी, भिंतीला टेकून बसलेली. इतक्या दिवसांत ती ना रडली होती, ना धड बोलली होती, असं शिवा हळूच सांगत होता. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हवालदारांवर लिहिलेला लेख मी खिशातून काढला आणि वाचायला लागलो. मोठ्या मायेनं लिहिला होता. त्यांचा त्याग, त्यांची सेवा, त्यांचं निर्मळ मन... शिवानं अर्धं ऐकलं आणि हात वर केला. "गुरुजी, ऱ्हाऊ द्या. ह्यो कोन मानूस हाय?"

मला लाज वाटली. इतक्या वर्षांनी मी पुन्हा तोच पहिला दादासाहेब लिहून आणला होता. "मग काय लिहू?" मी विचारलं. "त्यो इंच लिवा. ती टेप लिवा," शिवा म्हणाला, आणि मग त्याला चेव चढला. "आनि ह्ये बी लिवा, कुनाच्या मदतीला ह्येंच्या आदी दुसरं कुनी पोचलं, तर दोन दिस रुसून बसायचं. मागल्या साली म्हादूच्या घराला आग लागली, तर मी पयली घागर वतली म्हनून माज्याशी बोलत नव्हतं!" सोप्यातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी तोंडाला पटका लावला, आणि तेराव्याच्या त्या घरात मोठ्यानं हसू फुटलं.

वहिनीनं मान वर केली. तीही हसत होती, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पदरालासुद्धा आवरत नव्हतं. मी लेखाचे कागद फाडायला घेतले तशी ती म्हणाली, "लिवा गुरुजी, आसंच लिवा... आता कुटं घरात आलं बघा ह्ये."