गच्चीवरचा बूस्टर

आई समोरच्या नर्सिंग होममध्ये होती. तिथला एकही फोन चुकू नये म्हणून मी विनापरवाना मोबाइल बूस्टर गच्चीवर बसवला. तिथल्या नर्सचे फोन खरंच यायला लागले: "भैया, माताजी का मॉनिटर फिर बंद हो गया।" आईच्या छातीवर बिनतारी यंत्र होतं. त्यावरून मॉनिटरवर येणारे ठोके मध्येच दिसेनासे व्हायचे आणि मी उलट्यासुलट्या चपला घालून धावत सुटायचो.

एका सकाळी वायरलेस तपासणीची एक बाई, मॉनिटर बंद पाडणाऱ्या लहरी कुठून येतात ते शोधायला, आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात आली. हातात माशाच्या काट्यासारखा अँटेना. चार पावलं चालायची, डोळे मिटायची, मान कलती करून हेडफोनमधली खरखर ऐकायची. मी तिच्या मागेमागे फिरत शेजाऱ्यांवरचे माझे संशय सांगत होतो. अँटेना हळूहळू वळला आणि माझ्याच गच्चीवर थांबला.

वर येऊन तिनं बूस्टरचा प्लग काढला. समोरच्या खिडकीतून नर्सनं हात हलवला, मॉनिटर सुरू झाला होता. तो बंद असताना आईचा ठोका खरोखर चुकला असता तर, या विचारानं मी बूस्टरच उतरवून तिच्या पुढ्यात ठेवला.

"काळजीपोटी लावला हो," मी पुटपुटलो.

बूस्टरची वायर सावकाश गुंडाळत ती म्हणाली, "काका, माय ठीकच आहे तुमची. तिले तुमच्यापासून वाचवा लागते."