संपू दे, मग बोलू

"संपू दे, मग बोलू."

काकीच्या तोंडचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आजही कोणी मला थांब म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे म्हणताना ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. पाटावर उकिडवी बसलेली, हनुवटी गुडघ्यावर, आणि नजर समोरच्या काचेच्या ग्लासात जळणाऱ्या मेणबत्तीवर. मी दुकान सोडून तंगडतोड करत आलेला, उभा घामाघूम. आणि ही बाई ज्योतीशी बोलल्यासारखी म्हणणार, "संपू दे रे शेट, मग बोलू."

मी शेट वगैरे नाही. गडबहून सायकलवर मीठ विकत पेणला आलो आणि रामवाडीत किराणा दुकान टाकलं. घासाघिशीत माझा हात धरणारा पेणमध्ये नाही, हे माझे शत्रूही कबूल करतील, आणि ते पुष्कळ आहेत. काकी मला शेट म्हणायची ती चिडवायला. नात्यानं ती माझी कोणी नव्हे; खाडीकडची, मिठागरातल्या माणसांतली. नवरा गेल्यावर दिराच्या घरी मागच्या पडवीत राहायची. वाती वळून माझ्या दुकानात द्यायची. तिची वात काजळी धरत नाही, असं बायका सांगायच्या. नव्वदच्या दशकातली ती वर्षं, वीज सारखी जायची, म्हणून मीच तिला मेणबत्त्यांचा साचा आणून दिला. हे मुद्दाम सांगतो. सुरुवात माझी होती.

वडखळहून अलिबागच्या रस्त्याला तेव्हा नवी नवी हॉटेलं उभी राहत होती. त्यातल्या एका मालकाला जेवणाच्या टेबलांवर ग्लासातल्या सुगंधी मेणबत्त्या हव्या होत्या. पण चरबीचा अंश चालणार नाही, ही त्याची अट. मी रोह्यापर्यंत धडकलो. तिथे कंपन्यांना माल पुरवणारा एक जण होता. त्याच्याकडे सोयाबीनच्या तेलाचं घट्ट केलेलं मेण मिळालं, दिसायला वनस्पती तुपासारखं. सुवासाच्या बाटल्याही त्याच्याकडूनच घेतल्या. त्याचा भाव मी असा पाडला, की शेवटी तो हात जोडून म्हणाला, "न्या, पण परत येऊ नका."

मी काकीला म्हटलं, "हे काम जमलं तर दिराच्या पडवीतून सुटशील. माझ्या दुकानामागची खोली तुझी. तुझं दार, तुझी कडी."

दुसऱ्याच दिवशी ती दुकानात आली, मागे जाऊन त्या खोलीच्या दाराची कडी दोनदा लावून-काढून बघितली आणि निघून गेली. तिला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं.

मग परीक्षा सुरू झाल्या. तुम्ही म्हणाल, मेणबत्तीत परीक्षा कसली? मीही तेच म्हणायचो. वात बारीक झाली तर स्वतःच्याच पातळ मेणात बुडून मरायची. जाड झाली तर डोक्यावर काजळीची टोपी घालून ग्लास काळा करायची. कधी मधोमध बीळ पडायचं आणि कडेचं मेण तसंच उरायचं. मेण फार गरम असताना सुवास घातला तर तो उडून शेजाऱ्यांना मिळायचा, गार झाल्यावर घातला तर वर तेलासारखा घाम यायचा.

सुवासाची परीक्षा तर विचारूच नका. बंद पडवीत मेणबत्ती लावायची आणि चुलीवर तव्यात सुकट भाजायची. मग मला फर्मान, "बाहेर जा शेट, गटारापाशी उभा राहा, नाक धुवून ये." मी जायचो! पेणच्या बाजारात ज्याच्यापुढे दलाल चळचळ कापायचे, तो मी गटारापाशी उभा राहून नाक मोकळं करायचो.

"ये आता. काय वास येतंय?"

"सुकटीचा."

"मग केवडा नापास. त्या हाटेलात मासेच खातील ना लोक?"

खस गेला, चंदन गेलं. शेवटी मोगरा टिकला. सुकटीच्या धुरातूनही तो हळूच यायचा. काकी त्या दिवशी हसली. तिच्या पुढच्या दातांत फट होती, हे मला तेव्हा दिसलं.

पण खरी आडकाठी वेगळीच होती. काकी ज्योत फुंकायची नाही. फुंकून दिवा मालवू नये, हे आपल्या सगळ्यांच्या घरी सांगतात. पण मेणबत्तीला कोण पाळतं? ही पाळायची. मालवायची नाही, झाकायची नाही, लावली की शेवटच्या थेंबापर्यंत जळू द्यायची. त्यामुळे एकेका परीक्षेला अख्खी मेणबत्ती आणि अख्खा दिवस जायचा.

"अगो काकी, हॉटेलातलं गिऱ्हाईक फुंकणारच ना!"

"तो फुंकंल त्याच्या तोंडानं. माझ्या घरात नाय. आनि खोड तलाशीच असतंय शेट. वरती सगल्याच चांगल्या जलतात."

यात तिचं एक दुखणं होतं. आधीच्या एका ग्लासाची वात तळाला टेकली, तेव्हा काच तडकली होती आणि दिराच्या फळीवरचं मेणकापड जळून फळीला भोक पडलं होतं. तेव्हापासून दीर तिच्यावर डोळा ठेवून होता. कंपनीतून शिफ्ट करून आला, की आधी पडवीत डोकावायचा. "वयनी, घर जालशील गो एक दिवस," म्हणायचा आणि फुंकायचा. झालं! फुंकलेली मेणबत्ती काकी परत पेटवायची नाही. ती परीक्षा बाद. नवी मेणबत्ती, नवा दिवस. मी त्याला एकदा अंगणात गाठून सांगितलं, की पुन्हा फुंकलंस तर तुझे ओठ शिवीन. तो म्हणाला, "घर माजा हाय." घर खरंच त्याचं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

अखेर दिवाळीच्या तोंडावर सगळा माल भरून तयार झाला. पडवीत ग्लासांच्या रांगा, पांढरं गुळगुळीत मेण, मोगऱ्याचा दरवळ. त्यातलीच एक काकीनं पहाटे शेवटच्या परीक्षेला लावली होती. दुपारी हॉटेलची गाडी यायची होती. मी पोचलो तेव्हा बोटभर मेण उरलं होतं. काकी नळावर पाणी भरायला गेली आणि नेमका दीर शिफ्टवरून आला. मी अंगणात ग्लास गुंडाळायला कागद फाडत होतो. आतून फूऽऽ असा आवाज आला आणि पाठोपाठ जळक्या वातीचा वास.

काकी हंडा घेऊन आली, धूर बघितला आणि हंडा खाली ठेवला.

"शेट, हा माल नाय द्यायचा."

"डोकं फिरलं काय तुझं? बोटभर राहिलं होतं!"

"तल राहिला होता."

"गाडी येतेय, काकी!"

"हाटेलात पडदे असतात. लेकरं असतात." असं म्हणून तिनं रांगेतली दुसरी उचलली, वात सरळ केली आणि पेटवली. "संपू दे, मग बोलू."

गाडी आली. हॉटेलचा माणूस चहा पिऊन बसला. मी त्याच्याशी सणाच्या, पावसाच्या, निवडणुकीच्या गप्पा मारल्या. मेणबत्ती आपल्या गतीनं जळत होती. शेवटी तो उठला. "उद्या या," मी म्हटलं. "उद्या कशाला?" तो म्हणाला, आणि पनवेलच्या एका पार्टीला ते काम गेलं. दीर आत जेवत होता. त्याच्या भुरक्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

मी काकीला म्हटलं, "पडवीतच मरशील तू." आणि निघून आलो. ती दुसरी मेणबत्तीही पुरती जळली नाही, हे नंतर शेजारणीकडून कळलं. संध्याकाळी काकी वाणसामानाला गेली आणि दिरानं तीही फुंकली. त्यानंतर काकीनं मेणबत्ती लावलीच नाही. वाती दुसऱ्या दुकानात द्यायला लागली. पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेली. त्याच पडवीत.

बाराव्याला मी गेलो तो भांडायलाच. मोगऱ्याच्या मेणबत्त्यांचा खोका कोपऱ्यात पडला होता. दीर म्हणतो, "ग्लासांचं काय ते देऊन ने." ते ग्लास मी आणलेले, मेण मी आणलेलं! जेवायला बसलेली माणसं हात थांबवून बघायला लागली एवढा मी ओरडलो. एक दमडी दिली नाही. खोका उचलला, खांद्यावर टाकला आणि रामवाडीपर्यंत चालत आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि त्यातली एक गल्ल्यावर लावली. वारा लागू नये म्हणून पंखा बंद ठेवला. गिऱ्हाईकं उकाड्यानं कुरकुरली, मी त्यांना पनवेलला जाऊन सामान घ्या म्हणालो. दुपारी जेवायला उठलो नाही. दिवे लागणीला ज्योत तळाशी आली. बुडाच्या पत्र्याच्या चकतीवर वात आडवी झाली, एकदा फरफरली आणि आपली आपण मालवली.

काच धड होती. बारीकसा तडासुद्धा नाही. ग्लास हातात घेतला तर नुसता कोमट. कडेला मेणाचा एक कण उरला नव्हता. शेजारच्या खानावळीत कोणीतरी तव्यावर सुकट टाकली होती आणि त्या धुरात मोगरा अजून येत होता.

माल चोख होता. त्या दिवशी सगळा गाडीत भरता आला असता. दाराला तिची कडी लागली असती. बोटभर मेणासाठी त्या हरामखोरानं फुंकलं, आणि बोटभर मेणासाठी ही बाई अडून बसली, आणि आता बोलायला कोणी नाही.

"संपली ना शेट ती?" समोरचा एक जण म्हणाला. "फेका आता ग्लास, आणि माझी साखर द्या."

मी त्याच्या अंगावर असा धावून गेलो, की तो साखर न घेताच पळाला.