तीनशे बारा तक्रारी

मेहुण्याच्या तीनशे बारा तक्रारी मी एका बैठकीत निकाली काढल्या, आणि वर चहाही मागितला.

झालं असं, की माझा प्रिंटर रुसला होता म्हणून विम्याचा एक फॉर्म छापायला मी त्याच्याकडे गेलो. "बसा भाऊजी, लेकीला क्लासला सोडून येतो," म्हणून तो बाहेर पडला. समोर पडद्यावर एक पान उघडं होतं आणि वर लिहिलं होतं, प्रलंबित ३१२. आता मी पस्तीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस. प्रलंबित हा शब्द दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. इथे पेन नव्हतं, पण प्रत्येक तक्रारीपुढे एक चौकोन होता आणि वर 'बंद करा' असं बटण. शिवाय पानावरचे सगळे चौकोन एकदम भरायची सोय. पंचवीस-पंचवीसची तेरा पानं होती. बिचारा एकटा कुठवर पुरा पडणार, म्हटलं आपण जरा हातभार लावू. तो परत आला तेव्हा आकडा शून्यावर होता आणि मी शाबासकीची वाट बघत बसलो होतो.

तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. मग त्याने शांतपणे समजावलं, की ज्यांनी ज्यांनी या तक्रारी लिहिल्या होत्या त्या सगळ्यांना आत्ता पत्रं गेली, तुमचं काम संपवलं म्हणून. चहा त्याने तरीही केला. त्यात साखर नव्हती, पण ती चूक असावी.

या माझ्या मेहुण्याला घरात सगळे 'विद्यार्थी' म्हणतात. वय सत्तेचाळीस, कानशिलं पांढरी, तरी विद्यार्थीच. धंदा वेबसाइटी बनवण्याचा. पहिली बनवली ती एका पंपदुरुस्तीवाल्यासाठी, आणि तीही शिकत शिकत. त्या काळी कुठल्याही पानाच्या पोटात शिरून ते कसं रचलंय ते बघता यायचं. हा रोज एकेक पान उसवून बघायचा आणि पुन्हा शिवायचा. लोकांनी उघडं ठेवलं म्हणून मी शिकलो, हे वाक्य त्याने मला इतक्या वेळा ऐकवलंय की मीच शिकलो असं वाटावं.

त्यांच्या धंद्यात दर दोन वर्षांनी जुनं ज्ञान टाकून नवं आणावं लागतं. बाकीचे कुरकुरत शिकायचे, हा हरखून शिकायचा. सगळं आधी चौकटीच्या वहीत, बारीक अक्षरात. अशा अडतीस वह्या आहेत. लग्नानंतर फिरायला गेले तेव्हा याच्या बॅगेतून कपड्यांआधी एक जाडजूड पुस्तक निघालं, ही गोष्ट त्याची बायको गेली अठरा वर्षं पाहुण्यांना सांगते. पूर्वी हसत सांगायची.

चौदा वर्षांपूर्वी त्याने फॉर्मात तारीख भरायची एक चौकट बनवली. तुम्ही रकान्यावर बोट ठेवता आणि महिना उघडतो ना, तीच. आणि ती ओपन सोर्स करून टाकली. ओपन सोर्स म्हणजे लिहिलेलं सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं. कुणीही घ्यावं, वापरावं, सुधारावं, फुकट. आणि बिघडलं की कुणीही येऊन याच्या नावाने ओरडावं, हा भाग तो सांगत नाही, तो माझा मी ताडला. कुठकुठल्या दवाखान्यांनी, ग्रंथालयांनी, बसकंपन्यांनी ती चौकट घेतली. ऑफिसातून आला की हा जेवायच्या आधी तासभर लोकांच्या तक्रारी सोडवायचा. कुणाचा फेब्रुवारी बिघडलाय, कुणाचा आठवडा सोमवारी सुरू व्हायला तयार नाही. जगाची तारीख हा सांभाळतो आणि स्वतःच्या लग्नाची विसरतो, असं माझी बायको, म्हणजे त्याची ताई, म्हणायची. त्यावर तो लाजायचा.

आठ महिन्यांपूर्वी, तो नोकरीला होता त्या कंपनीने त्याला घरी बसवलं. साहेब त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. तुमच्याकडे अनुभव फार आहे, असं तो म्हणाला म्हणे, वजन फार आहे म्हणावं तसं. आता कोड यंत्रच लिहितं. विद्यार्थ्याने काय करावं? तेही शिकायला घेतलं, एकोणचाळिसावी वही आणून. सरावाला म्हणून त्याने यंत्राला तारखेची चौकट लिहायला सांगितली. पाण्याचा ग्लास रिकामा व्हायच्या आत ती आली, आणि मधोमध एक टीप: हे का चालतं ते मलाही कळलेलं नाही, पण याला हात लावू नका. ही टीप चौदा वर्षांपूर्वी यानेच आपल्या चौकटीत लिहिली होती. ती वही पुढे कोरीच राहिली.

त्याची बायको दवाखान्यात नर्स आहे. तिने खटपट करून तिथल्या रेकॉर्डखोलीत त्याच्यासाठी जागा बघितली होती. जुन्या फायली काढायच्या, क्रमांक घालायचे, परत लावायच्या. सहा दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. हा नाहीच म्हणत होता, आणि त्याच्याजवळ कारण एकच होतं: माझ्यावर लोक अवलंबून आहेत, तीनशे बारा जण वाट बघतायत. संध्याकाळ तिथे गेली तर त्यांचं कोण बघणार?

आणि ते तीनशे बारा मी पुसून बसलो होतो.

तो सगळ्या तक्रारी पुन्हा उघडायला बसला तेव्हा बायको ड्यूटीवरून आली. झाला प्रकार ऐकला, पर्स खांद्यावरून न काढता म्हणाली, "थांब. चार दिवस हात लावू नकोस. ज्याला खरंच हवंय तो येईल ना परत, आपल्या पायांनी."

"येतील," तो म्हणाला.

"मग झालं तर."

तो दिवस बुधवार होता. मी रोज काहीतरी निमित्त काढून त्याच्याकडे जाऊ लागलो. गुन्हेगार घटनास्थळी फिरकतो म्हणतात, तसा. गुरुवारी एक पत्र आलं, तो झटकन वाकला. संबंधित कर्मचारी आता या संस्थेत नाहीत, असं आपोआप निघणारं उत्तर होतं. दुपारपर्यंत तसलीच आणखी सव्वीस आली. शुक्रवारी एकाने आभार मानले. तीन वर्षांनी का होईना, अडचण दूर केलीत, फार बरं वाटलं. अडचण कुणीच दूर केली नव्हती. शनिवारी एका ग्रंथालयाच्या बाईंनी सविस्तर आणि गोड लिहिलं, की तुमची चौकट उत्तम होती, आम्ही चार वर्षांपूर्वीच दुसरी बसवली, तुम्हाला कळवायचं राहून गेलं त्याबद्दल क्षमा असावी.

मी म्हटलं, अरे, सुट्टीचे दिवस आहेत, लोक पत्र उघडत नसतील. तो माझ्याकडे बघून हसला. मला साखर नसलेला चहा परवडला असता.

रविवारी संध्याकाळी आकडा शून्यच होता. त्याने आम्हा दोघांसमोर आणखी एक बटण दाबलं. ते दाबलं की तो सगळा प्रकल्प कुलूपबंद होतो, वाचता येतो, पण तक्रार करता येत नाही. त्याची बायको जिंकल्यासारखी मुळीच दिसली नाही. तिने आत जाऊन त्याचा डबा कुठला, आपला कुठला, अशी भांड्यांची हलवाहलव सुरू केली आणि बराच वेळ आतच राहिली.

सोमवारी त्याने होकार कळवला. आठवड्याने मी त्याला रेकॉर्डखोलीत भेटायला गेलो. खिडकी नाही, छतापर्यंत लोखंडी रॅक, मधे एक टेबल आणि टेबलावर शाईचा शिक्का. तो शिडीवर चढून फाईल लावत होता. जन्मभर त्याला जो प्रश्न विचारत आलो तोच तोंडातून गेला, की मग, इथे नवीन काय शिकायला मिळतंय?

शिडीवरून खाली न बघता तो म्हणाला, "काहीच नाही भाऊजी, म्हणूनच घेतली ही नोकरी."